आषाढाचं आभाळ आणि आठवणीतला हिरवा

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षेतला स्मरणचित्राचा पेपर महाराष्ट्रात शाळा शिकलेल्या बहुतेकांना आठवत असेल. विषय ठरलेल्या धाटणीचे: पावसातली धांदल, बसथांबा, भाजीबाजार, विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायका. नाव स्मरणचित्र, पण तयारी पाठांतराची. पुढे तीन मोठ्या आकृत्या, त्यांतली एक पाठमोरी. मागे दोन लहान. डावीकडे अर्धं कापलेलं झाड, उजवीकडे कौलारू घर. छत्र्या काळ्या, एखादी लाल. पाऊस असेल तर वर काळसर निळं आभाळ, खाली पोपटी गवत आणि त्यावर तिरक्या पांढऱ्या रेघा. या साच्याला मार्क मिळतात, तेव्हा मुलांना नावं ठेवायचं कारण नाही. पण पुढे वर्षानुवर्षं चित्रं काढणारी जाणती माणसंही पाऊस म्हटलं की त्याच आभाळाकडे हात नेतात, तेव्हा ही आठवण नक्की कोणाची, असा प्रश्न पडतो.

चित्रकाराला प्रेरणा मिळते ती रंगांतून, आठवणींतून आणि भावनांतून, असं म्हणायची पद्धत आहे. म्हणायला छान, पण बोर्डावर कागद ताणून बसल्यावर त्याचा फारसा उपयोग होत नाही. कारण हे तिघे एका दिशेने ओढत नाहीत. आठवण रंग भडक करून देते. भावना उजेडाचं माप चुकवते. आणि पॅलेटवरचा रंग शेजार बदलला की स्वतःही बदलतो. कोण कुठे फसवतंय हे कळलं, की ती फसवणूक ठेवायची की पुसायची हे ठरवता येतं. माझ्या मते काम तिथून सुरू होतं. त्याआधी असतो तो नुसता मूड.

पावसाचंच बघू, जलरंगातलं. मनातलं पावसाचं आभाळ बहुतेकांचं काळं असतं आणि खालचं जग त्याच्यासमोर उजळलेलं. असं आभाळ खरोखर दिसतं, पण ते वळवाचं. मे महिन्यात दुपार कलली की पूर्वेला ढग गच्च भरून येतात, पश्चिमेकडून मात्र अजून ऊन पडत असतं. ते ऊन एखाद्या चुन्याच्या भिंतीवर आलं की भिंत लखलखते आणि मागचा ढग गडद निळा-काळा दिसतो. जमिनीपेक्षा आभाळ गडद असण्याची ही मोजकी वेळ, अर्ध्या-पाऊण तासाची. आषाढातली झड लागली की गणित उलटतं. ऊन नाही, पडछाया नाहीत, सगळा उजेड आभाळातूनच झिरपतोय. त्यामुळे समोरच्या दृश्यात सगळ्यात उजळ असतं ते आभाळच, मनाला कितीही अंधारून आल्यासारखं वाटो. पटत नसेल तर पाऊस जरा उघडल्यावर अंगणात किंवा गच्चीत जाऊन पांढरा कोरा कागद आभाळासमोर उभा धरावा. कागद करडा दिसतो. उभ्या कागदाला निम्मंच आभाळ दिसतं, तेवढाच उजेड त्याच्यावर पडतो आणि त्यातलाही थोडा जिरून उरलेला आपल्याकडे येतो. पांढरी भिंत, पांढरा सदरा, पांढरी गाय, सगळं आभाळाहून एक पायरी खाली.

मग आठवणीत ते काळं का राहतं? वळवाची धास्ती, गडगडाट, वाळवण उचलायची पळापळ आणि आषाढातली आठ-आठ दिवसांची ओल, कोंदटपणा, कपडे न वाळणं, हे सगळं मन एकाच पावसाच्या खात्यात जमा करतं. चित्र काढताना हात वळवाचं आभाळ काढतो आणि खाली आषाढातली रेनकोटवाली माणसं उभी करतो. चित्र बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी लटकं आहे हे कळतं. भावना वळवाची आहे की झडीची, हे पेन्सिल लावायच्या आधी ठरलं पाहिजे. वळवाचं असेल तर कागदाचा पांढरा भिंतीसाठी राखायचा. झडीचं असेल तर तो आभाळासाठी राखायचा आणि जमिनीवर कुठेही शुद्ध पांढरा ठेवायचा नाही, फक्त आभाळाचं प्रतिबिंब पडलेल्या डबक्यांत थोडासा.

टोनच्या पाच पायऱ्या मानल्या, १ म्हणजे कोरा कागद आणि ५ म्हणजे काळा, तर झडीच्या चित्रात आभाळ दीड ते दोन, ओला डांबरी रस्ता अडीच, गवत तीन, झाडं चार. पाचावर काही नसतंच. असलं तर पडवीच्या आत, गोठ्याच्या दारात, फणसाच्या बुंध्याशी, अशा दोन-तीन जागी. नवशिक्यांची झडीची चित्रं बिघडतात ती बहुधा इथे: मूड आणायचा म्हणून सगळीकडे चार-पाच वापरले जातात, आणि चित्र उदास होण्याऐवजी नुसतं मळतं.

पांढऱ्या रेघांबद्दलही एकदा बोलून टाकू. पडणारा पाऊस पांढरा दिसतो तो मागे गडद झाड किंवा उघडं दार असेल तेव्हाच. आभाळाच्या पार्श्वभूमीवर तो दिसतच नाही, दिसलाच तर किंचित गडद. तेव्हा अख्ख्या कागदावर ब्लेडने ओरखडे काढण्यात किंवा पांढऱ्या पोस्टर कलरच्या रेघा मारण्यात अर्थ नाही. पाऊस दाखवायचा तर कडा घालवायच्या. पहिली टेकडी साडेतीनवर, दुसरी तीनवर, तिसरी सव्वादोनवर आणि तिच्या वरची कड ओल्या आभाळातच विरघळू द्यायची. चौथी असली तरी काढायची नाही. पागोळ्यांपुरत्या दोन-चार उभ्या रेघा हव्या असतील तर त्या पडवीच्या काळोखावर शोभतात.

आता हिरवा. लोकांना माहीत असलेले, नाव घेता येण्यासारखे रंग, म्हणजे गवत, आभाळ, विटा, संत्रं, हे आठवणीत प्रत्यक्षापेक्षा अधिक गडद-तेजस्वी होऊन बसतात, हे रंगदृष्टीवरच्या प्रयोगांत अनेकदा दिसलं आहे. पावसाळी हिरव्याचं तेच होतं. आठवण एकच हिरवा देते, ट्यूबमधल्या सॅप ग्रीनच्या जवळचा. प्रत्यक्षात जुलैतल्या कोकणात निदान चार हिरवे वेगळे मोजता येतात, आणि त्यांतला सगळ्यात भडक आठवणीइतकाच भडक असतो, ही गंमत. तो म्हणजे तरव्याचा. भाताच्या रोपांचा दाट वाफा असतो, पाण्यातून नुकता वर आलेला; तिथे लेमन यलो पाच भाग आणि कोबाल्ट ब्लू एक भाग, पातळ, एकाच हाताने आणि परत न घोटता. यात गँबोज घातला की तो पिकत चाललेल्या शेताचा होतो, कारण गँबोज लालसर बाजूचा पिवळा आहे आणि लाल हा हिरव्याला मारतो.

लावणी झालेलं खाचर मात्र हिरवं नसतंच. पायाशी पाहिलं तर राखाडी पाणी, त्यात आभाळ, आणि वीतभर अंतरावर उभी रोपं. नजर जसजशी लांब जाते तसतसं तिचा कोन सपाट होतो, रोपं एकमेकांना झाकतात, पाणी लपतं आणि पलीकडच्या बांधापाशी शेत हिरवं होतं. एकाच खाचरात पुढे आभाळाचा करडा आणि मागे हिरवा, हे ज्याने पाहून ठेवलंय त्याला आठवणीने काढतानाही सपाट हिरवा पट्टा मारावासा वाटत नाही. आधी पूर्ण खाचरावर आभाळाचाच वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, खाली उतरवायचा, वाळू द्यायचा, मग मागून पुढे येत विरळ होत जाणारे ब्रशचे उभे ठिपके द्यायचे. मागे ते एकमेकांना चिकटलेले, पुढे सुटे.

आंबा-फणसाच्या गर्द झाडांसाठी प्रशियन ब्लू आणि बर्न्ट सिएना, साधारण समसमान, पाणी कमी. हा हिरवा पिवळ्याशिवाय होतो, आणि म्हणूनच तो तरव्याशी भांडत नाही. काळा घालून गडद केलेला सॅप ग्रीन इथे नेहमी मेलेला दिसतो. ओल्या जांभ्याला लाइट रेडमध्ये क्रिमझनचं टोक आणि अगदी थोडा अल्ट्रामरिन. दगड, माती, झाडाची साल ओली झाली की गडद दिसते, कारण पाण्याच्या थरामुळे उजेड आतल्या आत फिरून जास्त जिरतो. पण त्याच ओल्या दगडाचा वरचा सपाट भाग तिरक्या नजरेला आभाळ परावर्तित करतो आणि चक्क फिका दिसतो. जांभ्याची पायरी काढताना उभी बाजू चारावर आणि आडवी बाजू अडीचवर ठेवली की पावसाची एकही रेघ न मारता पायरी भिजते.

हिरव्याच्या गर्दीत राखाडीची गोष्ट अडकलेली आहे. मिशेल शेव्रल नावाचे फ्रेंच रसायनतज्ज्ञ पॅरिसच्या, भिंतीवरचे चित्रगालिचे विणणाऱ्या गोबलँ कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख होते. तिथल्या काळ्या धाग्याला पुरेसा दम नाही अशी तक्रार होती. त्यांनी तपासलं तर काळ्यात खोट नव्हती. शेजारचे निळे-जांभळे धागे त्याला फिका पाडत होते. १८३९ साली त्यांनी रंगांच्या शेजारधर्माचे हे नियम प्रसिद्ध केले. आपल्या चित्रात त्याचा अर्थ असा: चारी बाजूंनी हिरवं असलं की मधला निव्वळ राखाडी किंचित गुलाबी-जांभळा दिसू लागतो. कोकणातल्या झडीचं आभाळ अनेकांच्या आठवणीत जांभळट असतं. ही आठवण खोटी नाही. पण म्हणून पॅलेटवर जांभळा कालवला तर चित्रात तो दुप्पट होतो: एकदा रंगाचा, एकदा शेजाराचा. आभाळ तटस्थ राखाडीत काढून आधी हिरवे भरावेत, मग लांबून बघावं. बहुतेक वेळा जांभळट छटा आपोआप आलेली असते. नसली तर क्रिमझन घालायला अजून वाव असतो, काढायला नसतो.

भावनांचे रंग ठरवून देणारे तक्ते मला कधी फार पटले नाहीत, लाल म्हणजे राग, निळा म्हणजे शांती, वगैरे. आपल्याकडे भरताच्या नाट्यशास्त्रात रसांना वर्ण दिले आहेत खरे: शृंगार श्याम, हास्य पांढरा, रौद्र लाल, वीर गौर, भयानक काळा, अद्भुत पिवळा. ते रंगभूमीसाठी आहेत, चित्रकाराने कृती म्हणून घ्यायचे नाहीत. पण त्यातल्या करुणाचा वर्ण मात्र मन लावून बघण्यासारखा आहे. तो काळा नाही, निळाही नाही. कपोत, म्हणजे पारव्याचा. पारवा जवळून पाहिला तर त्याचा राखाडी एक नसतो: पाठीवर फिका निळसर, पंखावर दोन गडद पट्टे, मानेवर हिरवी-जांभळी झाक. कारुण्याला असा आत हालचाल असलेला राखाडी नेमून देणाऱ्याने रंग नीट बघितले असणार.

जलरंगात तो साधतो तो तयार ट्यूबमधून नव्हे. पेनीज ग्रे सोयीचा आहे, पण कंपनीगणिक त्यातली भर वेगळी असते आणि बहुतेक पेनीज ग्रेमध्ये काळा असतो, त्यामुळे मोठ्या आभाळात तो निर्जीव पडतो. अल्ट्रामरिन दोन भाग आणि बर्न्ट सिएना एक भाग, एवढंच पुरतं. अल्ट्रामरिनचे कण जड. ते कागदाच्या खळग्यांत बसतात आणि सिएना पातळ पसरतो, त्यामुळे वाळल्यावर राखाडीत निळा आणि तांबूस सुटे सुटे दिसतात. हा दाणा कोल्ड प्रेस किंवा रफ, म्हणजे खरखरीत, कागदावर येतो, गुळगुळीत हॉट प्रेसवर फारसा नाही. निळा वाढवला की आभाळ गार आणि लांब, सिएना वाढवला की जड आणि जवळ. एकाच आभाळात क्षितिजाकडे सिएना किंचित वाढवत गेलं तर ढग डोक्यावर आल्यासारखा वाटतो. उदासी म्हणायची ती या एवढ्याशा फरकात असते.

कृती सांगायची तर ३०० जीएसएमच्या जाड कागदाचा अर्धा शीट, साधारण १५ बाय २२ इंच. १९० जीएसएमचा पातळ कागद असेल तर पाच मिनिटं पाण्यात भिजवून ब्राऊन गमटेपने चारही बाजूंनी बोर्डावर ताणावा आणि दुसऱ्या दिवशीच हात लावावा. बोर्डाला वरच्या बाजूने दोन-अडीच इंचांचा टेकू. आभाळाच्या भागावर स्वच्छ पाणी, तीन मिनिटांनी पुन्हा पाणी; पहिलं कागदात मुरतं, दुसरं वर राहतं. आरशासारखी चकाकी जाऊन मंद ओलसरपणा उरला की दीड इंची सपाट ब्रशने राखाडी सोडायचा, वरून खाली, ढगांच्या पोटांपुरता. हा रंग डोळ्याला हवा त्यापेक्षा एक पायरी गडद असावा लागतो, कारण जलरंग वाळताना तेवढा फिका होतो. आठवणीशी ताडून बघण्याची घाई ओल्या कागदावर करायची नाही. ओला वॉश बरोबर वाटला, तर वाळलेला फिका पडणार हे नक्की.

दुसरा रंग पहिल्यात सोडायचा असेल तर ब्रशमधलं पाणी कागदावरच्या पाण्याहून कमी हवं. उलट झालं की जास्तीचं पाणी बाहेर पसरतं, अर्धवट बसलेले रंगाचे कण पुढे ढकलतं आणि वेडीवाकडी कड असलेला फुलोरा उमटतो. झडीत हे हमखास होतं, कारण हवाच दमट असते; हिवाळ्यात पंधरा मिनिटांत वाळणारा वॉश आषाढात सहज पाऊण तास ओला राहतो आणि वरून वाळल्यासारखा दिसतो. बोटाच्या टोकाने तपासू नये, तेलकट डाग पडतो. हाताची मागची बाजू कागदाजवळ न्यावी. गार लागलं तर आत ओल आहे. हेअर ड्रायर वापरायचा तर चकाकी गेल्यावर आणि फूटभर लांबून, नाहीतर वाराच रंग ढकलतो. पावसाळ्यात उघडा राहिलेला कागद आणखी एक दगा देतो: त्याची साइझिंग, म्हणजे रंग लगेच शोषू न देणारा लेप, जागोजागी मरते आणि त्या ठिकाणी वॉश शोषला जाऊन गडद ठिपके पडतात. याला उपाय नाही. कागद प्लास्टिकमध्ये, सिलिका जेलच्या पुड्या घालून, सपाट ठेवावेत. आणि मोठं चित्र सुरू करण्याआधी त्याच कागदाच्या कोपऱ्यावर एक वॉश मारून बघावा.

भावना ही जलरंगात शेवटी घालायची गोष्ट नाही, हे एस. एल. हळदणकरांच्या दिवा घेतलेल्या स्त्रीच्या चित्रासमोर कळतं. सावंतवाडीत जन्मलेल्या हळदणकरांचं हे १९४५-४६ च्या सुमाराचं चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातल्या कलादालनात आहे. पुष्कळजण ते राजा रविवर्म्याचं समजतात आणि त्याहून जास्त लोक तैलरंगातलं. ते जलरंगात आहे. त्यांच्या मुलीने त्यासाठी उभं राहून दिलं. ज्योतीवर धरलेला हात, बोटांच्या फटीतून आणि कातडीतून आलेला तांबूस उजेड, चेहऱ्यावर पोचता पोचता मऊ झालेला. तैलरंगात उजेड शेवटी ठेवता येतो. पारदर्शक जलरंगात उजेड म्हणजे न रंगवलेला किंवा जेमतेम रंगवलेला कागद. तो पहिल्या वॉशच्या आधी राखावा लागतो, आणि मग त्याच्याभोवती काळोख थरांनी चढवत न्यावा लागतो. एक थर कडेवरून घसरला की ती जागा गेली. म्हणजे चित्रात ऊब कुठे असणार हे कागद कोरा असतानाच ठरलेलं असतं.

ठरवायचं तर आधी साठवण हवी. आठवण बळकट करण्याची पद्धतशीर शिकवणी पॅरिसमध्ये ओरास लकॉक द ब्वाबोद्राँ या शिक्षकाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सुरू केली होती. विद्यार्थी साध्या रेघेची लांबी लक्षात ठेवण्यापासून सुरुवात करून लूव्रमधली चित्रं घरी येऊन काढण्यापर्यंत जायचे. त्यांचे शिष्य ज्याचे मित्र होते, तो जेम्स व्हिसलर १८७० च्या दशकात लंडनमध्ये थेम्सकाठची रात्र रंगवायचा. अंधारात रंग कालवणं शक्य नव्हतं. म्हणून तो दृश्याकडे टक लावून बघे, मग पाठ फिरवून सोबत्याला सगळं तोंडी म्हणून दाखवे: कुठे दिवा, कुठे छप्पर, पाणी कुठे उजळ. चुकलं तर पुन्हा बघायचं. नंतर स्टुडिओत रात्रीचे रंग आधीच भरपूर कालवून, टर्पेंटाइन वगैरे घालून इतके पातळ करायचा की कॅनव्हास आडवा ठेवावा लागे, उभा ठेवला तर रंग ओघळायचा.

ही पाठ फिरवून म्हणायची पद्धत आजही फुकट आणि उत्तम आहे. पाच मिनिटं बघायचं, पाठ वळवायची आणि तीनच प्रश्नांची उत्तरं मोठ्याने द्यायची: सगळ्यात उजळ काय, सगळ्यात गडद काय, आणि उजेडापेक्षा सावली गार आहे की उबदार. सुरुवातीला तिसऱ्याचं उत्तर येत नाही. येत नाही म्हणजे पाहिलंच नव्हतं, एवढं कळलं तरी खूप. मग तीन बाय चार इंचांची चौकट, त्यात पाच-सहा आकार, प्रत्येकात टोनचा आकडा. रंगाची नोंद तुलनेने करायची. 'करडा' किंवा 'छान जांभळा' लिहिलेलं आठवड्याने काहीच सांगत नाही. 'भिंतीपेक्षा गार, रस्त्यापेक्षा उजळ, डावीकडे पिवळट' हे सहा महिन्यांनीही कामाला येतं. त्याच दिवशी घरी आल्यावर एका बाजूला गडद आणि दुसऱ्या बाजूला पाण्याने विरलेला असा बोटभर पट्टा कागदावर उतरवून शेजारी रंगांची नावं आणि कंपनी लिहावी. कंपनी का, तर सॅप ग्रीन, गँबोज, क्रिमझन लेक ही नावं प्रत्येकाची वेगळ्या द्रव्यांची असतात.

फोनचा फोटो याची जागा घेत नाही. तो छत्रीच्या काड्या, खिडक्यांची संख्या, होडीचा बाक यांसाठी ठेवावा. रंग आणि टोनसाठी तो साक्षीदार म्हणून वाईट. हल्लीचे फोन उजळ आभाळ दाबतात आणि पडवीतला काळोख वर उचलतात, म्हणजे झडीच्या चित्राची दोन्ही टोकं आपल्याआधीच कापून टाकतात. वरून हिरवा आणखी हिरवा करून देतात. आणि संध्याकाळी सगळ्यावर पसरलेली पिवळी झाक त्यांना दोष वाटते, ती ते पुसतात. डोळ्याला जे भावलं नेमकं तेच गेलेलं असतं.

इतकी मोजमापं केल्यावर आठवणीला तिचं म्हणणं मांडू द्यायला हरकत नाही. सय्यद हैदर रझा यांचं शिक्षण नागपूरच्या कलाशाळेत आणि मग जे. जे. मध्ये झालं, चाळीसच्या दशकातली त्यांची मुंबईची जलरंगातली चित्रं, ओले रस्ते आणि गर्दी, जागेवर उभं राहून काढल्यासारखी आहेत. १९५० मध्ये ते फ्रान्सला गेले. वडील वनखात्यात, बालपण मध्य प्रदेशातल्या नर्मदेकाठच्या जंगलात. त्या जंगलातल्या रात्रींची भीती, गोंडांची नृत्यं, सकाळ झाल्यावरचा सुटकेचा भाव आणि बाजाराच्या दिवसाचे रंग यांबद्दल त्यांनी स्वतः सांगून ठेवलं आहे. ती रात्र त्यांच्या कॅनव्हासवर पुरती उतरली सत्तरच्या दशकात, 'तपोवन' सारख्या चित्रांत, हजारो मैल लांब राहून. त्यांच्या पुढच्या चित्रांतल्या बिंदूबद्दल फार बोललं जातं. मला ही चित्रं जास्त शिकवणारी वाटतात. झाड नाही, नदी नाही, वाट नाही. गर्द तपकिरी-काळ्याचा मोठा वाटा आणि त्यात लाल, केशरी, पिवळ्याचे थोडे भडके. आठवणीने रंग भडक केले आहेतच, पण ते मोजून ठेवलेत. भडक रंगाने कॅनव्हासचा अर्धा भाग व्यापला असता तर त्यातली भीती गेली असती आणि जत्रा उरली असती.

फ्रेंच चित्रकार पिएर बोनार तर प्रत्यक्षासमोर बसून रंगवायचं टाळायचाच. खिशातल्या छोट्या डायरीत पेन्सिलीचं स्केच आणि त्या दिवशीच्या हवेची एक-दोन शब्दांची नोंद, एवढंच भांडवल. घरी कॅनव्हास चौकटीवर न ताणता भिंतीला टाचलेले, एका वेळी अनेक, एकासाठी कालवलेला रंग तिघांवर लागायचा. बायको मार्त १९४२ मध्ये गेली, तरी टबात पहुडलेल्या मार्तचं चित्र तो १९४६ पर्यंत करत राहिला. १९४७ च्या जानेवारीत, मृत्यूच्या काही दिवस आधी, फुललेल्या बदामाच्या झाडाच्या चित्रात खाली डावीकडचा हिरवा त्याला खुपू लागला. हातात ताकद नव्हती, म्हणून पुतण्याची मदत घेऊन त्याने तो पिवळ्याने झाकला. तिथलं गवत हिरवं असेलच. पण झाडाच्या पांढऱ्या-निळ्या शेजारी खालचा हिरवा गार पडत होता, चित्राला खालून ऊब हवी होती. डोळा, आठवण आणि पॅलेट यांत शेवटचा शब्द कोणाचा, याचं त्याचं उत्तर तेवढ्या कोपऱ्यात आहे.

राहता राहिला एक कोरडा मुद्दा, जो आपण सगळेच टाळतो. ज्या रंगात आठवण बसवली तो रंग टिकणार का? एकोणिसाव्या शतकातले इंग्रज जलरंगकार ढगांसाठी इंडिगो आणि इंडियन रेड यांचा करडा वापरायचे. इंडिगो उजेडाने उडाला, इंडियन रेड लोहाचा, तो राहिला. राखाडी आभाळं तांबूस झाली आणि बघणाऱ्यांना ती संध्याकाळ वाटू लागली. १८८८ मध्ये रसेल आणि अ‍ॅबनी या दोन शास्त्रज्ञांनी जलरंगांवर उजेडाचा परिणाम तपासून सरकारला अहवाल दिला, त्यानंतर हे रीतसर नोंदलं गेलं. आपल्या राखाडीतले अल्ट्रामरिन आणि बर्न्ट सिएना दोन्ही टिकाऊ. धोका आहे तो क्रिमझनच्या त्या टोकात. ट्यूबवर रंगद्रव्याचा पीआर ८३ असा क्रमांक असेल तर ते अ‍ॅलिझरिन, आणि पातळ वॉशमध्ये ते उडतं. आभाळातला जांभळट भाव काही वर्षांत जाऊन नुसता निळसर करडा उरतो. त्याऐवजी पीव्ही १९ क्रमांकाचा, क्विनाक्रिडोनचा गुलाबी घ्यावा. खात्री करायची असेल तर वापरातल्या सगळ्या रंगांच्या पातळ पट्ट्या एका कागदावर काढाव्यात, निम्म्या भागावर जाड काळा कागद चिकटवावा आणि मार्चच्या सुरुवातीला दक्षिणेच्या किंवा पश्चिमेच्या खिडकीच्या काचेला आतून लावून ठेवावा. जूनचा पहिला पाऊस पडला की काढून बघावा. विद्यार्थ्यांच्या स्वस्त सेटमधले गुलाबी आणि जांभळे बहुधा तोवर गेलेले असतात.